मोत्याचं पाणी

आईच्या नथीतला एक मोती गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात निसटला. सतरंज्या झटकल्या, केराच्या पिशव्या उपसल्या, मांडवाच्या कोपऱ्यात बॅटरी मारमारून पाहिलं, सापडला नाही. नथ आईच्या आजीची. पुण्यातल्या सराफांनी भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "बसरा आहेत. हे आता मिळत नाहीत. त्याच मापाचा कल्चर बसवून देतो, कोणाला कळायचंही नाही." आई म्हणाली, "मला कळेल." नथ रुमालात गुंडाळून आम्ही घरी आलो.

आपण ज्याला बसरा मोती म्हणतो त्यातला कितीतरी माल बसऱ्याच्या जवळपासचाही नसायचा. बसरा हे बंदराचं आणि बाजाराचं नाव. शिंपले निघायचे ते आखातात खूप खाली, बहरीन बेटाभोवतीच्या उथळ समुद्रातून. माझी मावसबहीण तिथे मनामा शहरात चौदा वर्षं राहते, पण हे तिलाही ठाऊक नव्हतं. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग नथ घेऊनच ये ना. जानेवारीत ये, हवा चांगली असते."

मुंबईहून चारेक तासांत विमान उतरलं ते मुहर्रक नावाच्या वेगळ्याच बेटावर. विमानतळ तिथे आहे आणि पुलावरून राजधानी मनामात यावं लागतं. अख्खा देश साधारण 780 चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठा. त्यातली बरीच जमीन समुद्र बुजवून काढलेली. सात बेटं सांधून झालेल्या मुंबईची मी पोर, त्यामुळे भरावाची जमीन मला परकी वाटली नाही. लोकसंख्या 15 लाखांच्या पुढे, त्यातले निम्म्याहून अधिक बाहेरून कामाला आलेले. भारतीयच तीन लाखांहून जास्त. बहिणीच्या इमारतीत पहारेकरी तेलुगू, किराणा दुकानदार मलबारी, आणि खालच्या मजल्यावर सांगलीचं एक कुटुंब, ज्यांच्याकडून पहिल्याच संध्याकाळी वाटीभर पिठलं आलं.

बहरीन या नावाचा अर्थ दोन समुद्र, दोन पाणी. अरबीत 'बहर' म्हणजे समुद्र आणि 'बहरैन' हे त्याचं द्विवचन. कोणती दोन, यावर जाणत्यांत एकमत नाही. पण तिथल्या माणसाला विचारलं तर तो एकच सांगतो: एक खारं आणि एक गोडं. पूर्वी या बेटावर आणि बेटाभोवतीच्या समुद्राच्या तळाशीसुद्धा गोड्या पाण्याचे झरे होते. सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागात पडलेलं पाणी खडकांच्या थरांतून हजारो वर्षं जिरत येऊन इथे वर फुटायचं. समुद्रातल्या अशा झऱ्याला इथे 'कौकब' म्हणतात. कौकब म्हणजे तारा. होडीवरचा माणूस कातडी पिशवी घेऊन खाऱ्या पाण्यात बुडी मारायचा, तळाशी झऱ्याच्या तोंडावर पिशवी धरायचा आणि गोडं पाणी भरून वर यायचा. हे ऐकल्यावर मी बहिणीला दोनदा विचारलं, नीट ऐकलं ना मी? समुद्राच्या तळाशी जाऊन पिण्याचं पाणी आणायचं!

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं अधारीचा झरा बघायला गेले. या झऱ्यावरून इथे एक म्हण आहे: अधारी लांबच्याला पाणी पाजते आणि जवळच्याला कोरडं ठेवते. झऱ्याचं पाणी उताराने दूरच्या बागांत जायचं आणि काठावरची शेतं तहानलेली राहायची, म्हणून ती म्हण. आपल्या दिव्याखालच्या अंधाराच्या नात्यातली. आता तिथे मुलांचे पाळणे आहेत, तिकीटघर आहे, बांधीव तळं आहे. नैसर्गिक झरा आटलेला आहे. गेल्या शतकात विहिरी खोल गेल्या, पंप लागले, खजुरीच्या बागांच्या जागी वसाहती आल्या, उपसा वाढत गेला आणि जमिनीखालच्या गोड्या पाण्यात समुद्र शिरला. समुद्रातले ताऱ्यासारखे झरेही जवळपास सगळे विझले. आज बहरीन पितं ते प्रामुख्याने कारखान्यात गोडं केलेलं समुद्राचं पाणी. बहिणीच्या स्वयंपाकघरात वीस लिटरचे जार ओळीने मांडलेले असतात. ज्या देशाचं नावच पाण्यावरून पडलं, तिथे मी चार दिवस जारचं पाणी प्यायले आणि प्रत्येक पेल्याला मला अधारी आठवली. मराठवाड्यात बोअर तीनशे, पाचशे, आठशे फुटांवर जाताना मी पाहिलंय. हे दुःख मला भाषांतर करून घ्यावं लागलं नाही.

बहरीनचा किल्ला, कलात अल्-बहरैन, मनामाच्या पश्चिमेला समुद्राकाठी आहे. वर पोर्तुगीज काळातले बुरूज, गोव्याच्या आणि वसईच्या किल्ल्यांची आठवण करून देणारे. सोळाव्या शतकात हे बेट होर्मुझमार्फत पोर्तुगीजांच्या ताब्यात आलं आणि 1602 मध्ये इराणच्या सफवींनी ते घेतलं. पण खरी गोष्ट किल्ल्याच्या पायाखाली आहे. हे सारं टेकाड माणसांनीच रचलेलं: सुमारे चार हजार वर्षांची वस्तीवर वस्ती, भिंतीवर भिंत. 1950 च्या दशकात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश पथकाने ते खणायला घेतलं तेव्हा तळाशी दिल्मुनचं शहर लागलं. सुमेरी मातीच्या पाट्यांवर ज्या पवित्र, स्वच्छ भूमीचं वर्णन येतं, जिला एन्की देवाने गोडं पाणी दिलं, ती दिल्मुन. गिल्गमेशच्या कथेत तो नायक पायांना दगड बांधून पाण्याच्या तळाशी जातो आणि तारुण्याची वनस्पती घेऊन वर येतो. बिबींनी म्हटलं होतं की ही तर मोती काढणाऱ्या पाणबुड्याचीच रीत. पुढे ती वनस्पती साप खातो. आणि या टेकाडात, जमिनीखाली पुरलेल्या वाडग्यांत, सापांचे सांगाडे सापडले आहेत. सोबत मोतीही.

दिल्मुनचे व्यापारी मोजमापाला सिंधू संस्कृतीची वजनं वापरत. गुजरातेत लोथलला आखाती पद्धतीची एक गोल मुद्रा मिळाली आहे. म्हणजे या दोन किनाऱ्यांमधलं जाणंयेणं विमान कंपन्यांनी सुरू केलेलं नाही. टेकाडावर उभं राहिलं की एका बाजूला मनामाचे काचेचे मनोरे दिसतात, दुसऱ्या बाजूला ओहोटीने उघडा पडलेला करडा तळ. एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून मासे धरायच्या कुडाची डागडुजी करत होता. खजुरीच्या फांद्यांच्या किंवा आता तारेच्या या कुडात भरतीबरोबर मासे शिरतात आणि ओहोटीला अडकतात. तो तासभर तिथेच होता. मीही तासभर तिथेच होते.

आली गावातली थडगी मी धावती पाहिली. इसवी सनापूर्वी 2200 ते 1750 या काळातले दफनांचे उंचवटे, बेटावरचे सगळे मिळून वारसायादीत नोंदलेलेच 11,774. मोठे राजघराण्याचे उंचवटे घरांच्या मधोमध, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांच्या पलीकडे. शेजारी कुंभाराची भट्टी धुमसत होती. रस्ते आणि घरं यांसाठी असे हजारो उंचवटे गेले. राहिलेले 2019 मध्ये जागतिक वारशात आले, हे बरं झालं.

तिसऱ्या दिवशी भावोजींनी दक्षिणेला वाळवंटात नेलं. वाटेत तेलाच्या नळांचं जाळं, घोड्यासारख्या माना हलवणारे पंप, आणि जबल अद्-दुखान म्हणजे धुराचा डोंगर. याची उंची जेमतेम 134 मीटर, आपल्या पर्वतीला तो वरचढ वाटणार नाही, पण देशातलं हेच सर्वांत उंच ठिकाण. याच्या पायथ्याशी 1932 मध्ये तेल लागलं. आखाताच्या अरब बाजूला तेल सापडलेली ही पहिली विहीर. पुढे थोड्या अंतरावर, आजूबाजूला काही नाही अशा वाळूत, ते प्रसिद्ध झाड. शजरत अल्-हयात, जीवनवृक्ष. सुमारे चारशे वर्षांचं. जवळपास दहा मीटर उंच आणि त्याहून कितीतरी आडवं पसरलेलं, फांद्या कोपर टेकून बसल्यासारख्या वाळूवर रेललेल्या. लोक फोटो काढत होते. मी पान बघायला वाकले. बारीक, जोडीजोडीने लागलेली पानं, फांदीला लहान काटे. ही तर शमी! दसऱ्याला जिची पूजा करतो, जिच्यावर पांडवांनी शस्त्रं ठेवली ती, जिला सौंदडही म्हणतात ती. माहितीफलकावर शास्त्रीय नाव होतं, प्रोसोपिस सिनेरारिया, आणि मग शंका राहिली नाही. वर एक थेंब नसताना ही शमी खाली कुठपर्यंत मुळं घेऊन गेली असेल! बेटाचे झरे माणसांना सापडेनासे झाले, तिला अजून ओल सापडते. मी कुंपणाबाहेरूनच हात जोडले. भावोजींनी विचारलं नाही कशाला, त्यांनीही जोडले.

चौथा दिवस मी मुहर्रकसाठी राखून ठेवला होता. दक्षिण टोकाला बू माहेरचा लहानसा किल्ला आहे. पूर्वी मोत्यांच्या होड्या तिथून सुटायच्या. तिथून साडेतीन किलोमीटरची एक वाट जुन्या गल्ल्यांतून आत जाते. तिला मोत्याची वाट म्हणतात. वाटेवर सतरा इमारती आहेत: पाणबुड्याचं घर, होडीमालकाचं घर, व्यापाऱ्याची बैठक, मशीद. 2012 मध्ये ही सारी वाट, समुद्रातल्या शिंपल्यांच्या तीन पट्ट्यांसकट, जागतिक वारसा झाली. रस्त्यात मोत्यासारखे गोल दिवे लावलेत, त्यांच्या मागे मागे गेलं की चुकत नाही. भिंती प्रवाळाच्या दगडांच्या आणि चुन्याच्या. हात लावला तर शिंपल्यांचे तुकडे बोटाला लागतात. छताला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या खारफुटीच्या वाशांची ओळ. खारफुटीचे वासे जेवढे लांब, तेवढीच खोली रुंद. म्हणून श्रीमंताची खोलीसुद्धा अरुंद आणि लांबुडकी.

होडीचा मालक किंवा कप्तान तो नाखुदा. आमच्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच, एका अक्षराने वळलेला. बुडी मारणारा तो घैस, आणि दोर धरून त्याला वर ओढणारा तो सैब. उन्हाळा सुरू झाला की शेकडो होड्या निघायच्या आणि चार महिन्यांनी, सप्टेंबर संपता संपता परतायच्या. घैसाचं सामान काचेच्या पेटीत मांडलंय आणि ते इतकं थोडं आहे की बघवत नाही. नाक चिमटायला हाडाचा किंवा कासवाच्या पाठीचा फिताम, गळ्यात दोरीने बांधलेला. बोटांना कातडी टोप्या. गळ्यात अडकवायची जाळीची टोपली. आणि दोराला बांधलेला दगड, ज्यात पाय घालून तळाशी जायचं. तो दगड मी उचलून पाहिला असता, पण पेटीला कुलूप होतं. एक श्वास, दहा-पंधरा मीटर खोल, हाताला लागतील तेवढे शिंपले तोडून टोपलीत, मग दोराला हिसका. तो हिसका वर सैबाच्या हाताला कळला पाहिजे. त्याचं लक्ष क्षणभर इकडेतिकडे झालं तर खालचा माणूस गेला. दिवसभर अशा बुड्या, पोटात सकाळी खजूर आणि कॉफी, पोटभर जेवण सूर्य मावळल्यावर. होडीवर एक गाणारा असायचा, नह्हाम. त्याच्या गाण्यावर दोर ओढले जायचे, शिडं चढायची. त्या गाण्यांना फिज्री म्हणतात. मी गाणाऱ्यांच्या एका जुन्या बैठकीबाहेर उभी राहून ऐकलं: खर्जातून येणारा, घशाच्याही खालून येणारा एक हुंकार, मग टाळ्या, मग मातीच्या घागरीवर थाप. श्वास रोखायच्या धंद्यातलं गाणं श्वासातूनच आलेलं.

आणि या सगळ्याचं पैशांचं गणित. हंगामाआधी नाखुदा घैसाला उचल द्यायचा, बायकोमुलांना चार महिने खायला. हंगाम वाईट गेला की उचल फिटायची नाही, पुढच्या वर्षी तिच्यावर नवी उचल. बाप मेला की त्याचं देणं मुलाच्या माथी. ऊसतोड कामगाराची कोयता-उचल ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांना हे शिकवायला नको. 1920 च्या दशकात हिशेबाच्या वह्या सक्तीच्या झाल्या, सुधारणा आल्या. पण लवकरच जपानी कल्चर मोती आणि जगभरची मंदी एकदम येऊन आदळली आणि धंदाच बसला. तेल 1932 मध्ये लागलं नसतं तर या गल्ल्यांचं काय झालं असतं, हा विचार त्या अरुंद खोलीत मनातून जाईना. माझ्या पणजीची नथ त्या पडझडीच्या आधीची. तिच्यातले आठ मोती म्हणजे कोणाचे तरी आठ श्वास, आणि एकही मोती न मिळालेल्या बुड्या वेगळ्याच. पणजीला हे माहीत असणं शक्य नव्हतं. मला आता आहे.

मनामाच्या बाजारात शिरताना बाब अल्-बहरैनची कमान लागते. आतल्या गल्ल्यांत वेलची, केशर, वाळवलेले काळे लिंबू, मुंबईच्या मंगलदास मार्केटसारखे कापडाचे गठ्ठे. एका बोळात श्रीनाथजींचं देऊळ, सिंधमधल्या ठठ्ठ्याहून आलेल्या व्यापाऱ्यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी बांधलेलं. तिथे फुलवाली बाई गुजरातीत भाव सांगत होती. या बाजाराचं आणि मुंबईचं नातं नुसतं मालाचं नाही, पैशाचंही होतं. 1965 पर्यंत इथे रुपया चालायचा. शेवटची काही वर्षं रिझर्व्ह बँकेने आखातासाठी मुद्दाम छापलेला वेगळा रुपया. मग बहरीनचा दिनार आला, दहा रुपयांना एक. म्हणून जुनी माणसं शंभर फिल्सच्या, म्हणजे दिनाराच्या दहाव्या भागाच्या, नाण्याला अजून 'रुबिया' म्हणतात. पंख्याला बंका, सरळ जायला सीदा, बटाट्याला आलू, लोणच्याला अचार. रस्ता विचारला तर म्हातारा हमाल म्हणाला, "सीदा, सीदा," आणि मी सीदा गेले.

मोत्याच्या दुकानातले गृहस्थ ऐंशीच्या घरातले. पांढरा पायघोळ थोब, डोक्याला साधं फडकं. मी रुमाल सोडल्यावर त्यांनी आधी नथीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि मुंबईच्या हिंदीत विचारलं, "कोणाची?" सांगितल्यावर म्हणाले, त्यांचे वडील हंगाम संपल्यावर दरवर्षी मुंबईला जात, मोतीबाजारात माल विकत, तिथेच भोकं पाडून घेत. मग त्यांनी लाल कापड अंथरलं. मोती लाल कापडावरच बघायचा, पांढऱ्यावर तो खोटं बोलतो, असं म्हणाले. नथ त्यावर ठेवली आणि खिडकीजवळ नेली, दिवा बंद केला. उत्तरेचा उजेड हवा.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग एकेका मोत्याला सुईच्या टोकाने हलकेच फिरवत बोलू लागले. हा गुलाबी झाकेचा. हा थोडा पिवळा पडलाय, घामानं. हे दोन एकाच समुद्रातले. उत्तम मोत्याच्या प्रतीला इथे 'जीवन' म्हणतात. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला आपलाच शब्द ऐकू आला. संस्कृतात जीवन म्हणजे पाणीसुद्धा. मी म्हटलं, आम्ही मोत्याच्या तेजाला पाणीच म्हणतो. त्यांनी मान वर केली. "पानी," ते म्हणाले. "हां. पानी." आणि त्यांनी सांगितलं की म्हातारे पाणबुडे मानायचे, इथल्या मोत्याला असं तेज आहे ते खाऱ्यात गोडं मिसळतं म्हणून. समुद्रातला झरा जिथे जवळ, तिथला शिंपला चांगला. हे शास्त्राने सिद्ध आहे की नाही, याची चौकशी मी केली नाही. ज्यांनी त्या पाण्यात आयुष्य काढलं त्यांचा तो अनुभव होता.

बहरीनमध्ये कल्चर मोती विकायला कायद्याने बंदी आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. लहान देश, धंदा बुडवणाऱ्या गोष्टीला दार बंद ठेवून आपली एक गोष्ट खरी राखतो. आता परवाना काढून लोक पुन्हा शिंपले काढायला जातात, थोडे थोडे. पण दुकानातल्या त्या गृहस्थांनी माझ्यासाठी नव्यातलं काही काढलंच नाही. आतल्या कपाटातून कागदाच्या घड्या आणल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने वजन. पितळी चाळणीतून मोती चाळले. मग लाल कापडावर एकेक मोती नथीशेजारी ठेवून उचलायचे. नाही. नाही. हाही नाही. मी मोजत होते, एकवीस झाले. बाविसाव्याला त्यांनी हात मागे घेतला.

किंमत सांगितली ती माझ्या अंदाजाच्या बरीच वर होती आणि मी घासाघीस केली नाही.

परत येताना बहिणीने गाडी एका मोठ्या चौकातून नेली. इथे पूर्वी सहा शिडांच्या टोकावर पेललेला मोती उभा होता, 1982 मध्ये बांधलेला. फेब्रुवारी 2011 मध्ये हक्क मागायला हजारो माणसं त्याच्या पायाशी जमली, मार्चमध्ये त्यांना हुसकावलं गेलं आणि लगेच स्मारकही पाडलं गेलं. आता सिग्नल आहे. बहीण तेव्हा इथे नव्हती, पण तिचे शेजारी होते. ते त्याबद्दल बोलत नाहीत, आणि ती विचारत नाही. घरापर्यंत आम्हीही काही बोललो नाही. पर्समधली कागदाची घडी मी मुठीत धरून ठेवली होती.

पुण्यात पटवेकऱ्यांनी नथ पुन्हा ओवून दिली. मी ती दोन दिवस उलटसुलट करून पाहिली. आठांतला नवा कोणता ते मला सांगता येईना. आईला दिली तेव्हा तिने खोलीतला दिवा बंद केला, नथ खिडकीशी नेली आणि नखाने एका मोत्याला टेकून म्हणाली, "हा. याला आपल्या घराची सवय व्हायचीय अजून." आणि आरशासमोर न जाता, बोटांनी चाचपतच, तिने ती नाकात घातली.